शांततेचा भाडेपट्टा

नाशिकरोड स्टेशनाबाहेर रिक्षात बसून नुसते ‘देवळाली’ म्हटले की उलट प्रश्न येतो, गाव की कॅम्प? देवळालीगाव स्टेशनाला खेटून आहे. १९८२ साली नाशिक महापालिका झाली तेव्हा ते तिच्यात गेले आणि आज नाशिकरोडच्या इतर कुठल्याही गजबजाटापासून वेगळे काढता येत नाही. कॅम्प तिथून लॅम रोडने आणखी काही किलोमीटर पुढे. त्याला स्वतःचे रेल्वे स्टेशन आहे, स्वतःचा बाजार आहे आणि स्वतःचा कायदाही आहे. महापालिकेची हद्द संपली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकदम झाडे सुरू होतात, कंपाउंडच्या भिंती लांबच लांब होतात आणि इमारतींची उंची झपकन उतरते. नवख्या माणसालाही हद्द कळते, पाटी वाचावी लागत नाही.

नाशिकमध्ये निवृत्तीला आलेल्या माणसाला विचारा, कुठे राहायला आवडेल? दहातले निदान तीन जण कॅम्पाचे नाव घेतील. मुंबईत तर तीन-चार पिढ्यांपासून ‘देवळालीला बंगला आहे’ हे वाक्य एका विशिष्ट आवाजात म्हटले जाते. कारण विचारले तर हवा, शांतता आणि जुनी झाडे ही तीन उत्तरे ठरलेली. मला ती अपुरी वाटतात. हवा शेजारच्या भगूरलाही तीच आहे आणि झाडे कुणीही लावू शकतो. कॅम्पातली शांतता हवेने दिलेली नाही, ती कागदाने दिलेली आहे. जमिनीच्या मालकीच्या एका जुन्या, किचकट आणि बऱ्याच अंशी अन्यायकारक व्यवस्थेचे ते फळ आहे. आता ती व्यवस्था मोडीत काढायचे घाटते आहे. त्यामुळे इथे राहणे म्हणजे काय आणि ते पुढे कसे राहील, याचा हिशोब मांडायला ही वेळ बरी आहे.

छावणी पडली ती १८६० च्या दशकात. थळ घाटातून रेल्वे १८६५ साली सुरू झाली आणि मुंबई बंदरात उतरलेला गोरा शिपाई काही तासांत घाटमाथ्यावर आणता येऊ लागला. विलायतेहून आलेल्या तुकड्या इथे थांबवायच्या, इथल्या हवेला थोड्या रुळल्या की उत्तरेकडे पाठवायच्या. मुदत संपलेल्यांना उलट दिशेने इथे आणून बोटीची वाट पाहायला लावायची. सैनिकी बोटी वर्षभर नसत, हंगामात असत. हंगाम हुकला की महिनोन्‌महिने बरॅकीत बसून राहायचे. त्या सक्तीच्या रिकामपणात डोके फिरलेल्या शिपायांवरून इंग्रजीला वेडसरपणासाठी एक शब्द मिळाला आणि पुढे बीबीसीने १९७४ ते १९८१ या काळात देवळालीच्या पार्श्वभूमीवर एक विनोदी मालिकाही चालवली. देवळालीवरच्या प्रत्येक लेखात ही गोष्ट उगाळलेली असते, म्हणून इथे एवढ्यावरच सोडतो. आपल्या कामाचा भाग वेगळा आहे. हे गाव सुरुवातीपासून वाट पाहणाऱ्यांसाठी बांधले गेले. इथे कुणी कायमचे राहावे अशी ते बांधणाऱ्यांची कल्पनाच नव्हती.

त्यानंतर आलेल्यांची यादी पाहिली तर हा धागा लांबवर जातो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नागरिकांना इथे स्थानबद्ध करून ठेवले होते. नंगा पर्बतच्या मोहिमेवरून पकडला गेलेला गिर्यारोहक हाइनरिश हारर अहमदनगरहून देवळालीत आणि देवळालीहून डेहराडूनला गेला. तिथून १९४४ साली निसटून तो तिबेटात पोहोचला. फाळणीनंतर कराचीहून बोटीने मुंबईत उतरलेल्या सिंधी कुटुंबांना ज्या लष्करी छावण्यांत पाठवले गेले त्यांत कल्याण होते तशी देवळालीही होती. ही कुटुंबे मात्र पुढच्या बोटीची वाट पाहत नव्हती. त्यांतल्या बऱ्याच जणांनी बरॅकीतून बाहेर पडून बाजारात गाळे घेतले आणि आज कॅम्पाच्या व्यापारात सिंधी माणसाचा वाटा मोठा आहे. सकाळी दाल-पकवान मिळते ते त्याच पुण्याईने. माझ्या मते कॅम्पाला खऱ्या अर्थाने गाव केले ते याच लोकांनी, बंगलेवाल्यांनी नव्हे.

बंगलेवाल्यांची कथा हवेपासून सुरू होते. घाटमाथ्यावरच्या इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून रेल्वेने तासाभराच्या आत देवळाली येते आणि पाऊस सातशेच्या आसपास उतरतो. ढग घाटात रिकामे होतात आणि इकडे कोरडी, हलकी हवा येते. क्षयावर औषध नव्हते त्या काळात हीच हवा औषध होती. मुंबईच्या चाळींत आणि गिरण्यांच्या धुरात खोकला लागला की डॉक्टर ‘हवापालट’ लिहून देत आणि ज्याला परवडे तो देवळालीचे तिकीट काढी. पारशी, भाटिया, जैन, कच्छी, बोहरी अशा एकेका समाजाने आपापल्या लोकांसाठी सॅनेटोरियमे उभारली. खोल्यांची रांग, पुढे रुंद व्हरांडा, मागे स्वयंपाकाची वेगळी खोली, मधे मोठे अंगण ही त्यांची ठरलेली रचना. रोग्याने दिवसभर उघड्यावर पडून राहावे म्हणून व्हरांडा रुंद, आणि संसर्गाची भीती म्हणून दोन इमारतींत अंतर. आज ज्याला आपण जुन्या बंगल्यांचा डौल म्हणतो त्यातला पुष्कळसा भाग क्षयाच्या धास्तीतून आलेला आहे.

१९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले, पुढच्या दहा-पंधरा वर्षांत क्षय घरी बसून बरा होऊ लागला आणि सॅनेटोरियमांचे मूळ कामच संपले. ती बंद पडली नाहीत, सुट्टीत राहायची ठिकाणे झाली. ट्रस्ट तेच, खोल्या त्याच, फक्त रोग्यांच्या जागी नातवंडे आली. मे महिन्यात आणि दिवाळीत लॅम रोडच्या दोन्ही बाजूंना मुंबईच्या गाड्या लागतात, गुजरातीत हाका ऐकू येतात आणि जूनच्या पहिल्या पावसाबरोबर सगळे सामसूम होते. जैनांची मंदिरे आणि धर्मस्थाने या रस्त्यावर वाढत गेली. कानजी स्वामींच्या अनुयायांचे कहाननगर इथलेच.

हवेच्या याच ओढीने एक पेशावरी फळव्यापारी आपले मोठे कुटुंब घेऊन देवळालीत राहिला होता. त्याचा एक मुलगा युसूफ इथल्या बार्न्स शाळेत शिकला आणि पुढे दिलीपकुमार या नावाने सगळ्यांना माहीत झाला. त्याच्या आईवडिलांच्या कबरी देवळालीतच आहेत. बार्न्सचा जन्मही मुंबईच्या हवेला कंटाळूनच झालेला. भायखळ्यातली जुनी शाळा दाटीतून बाहेर काढायची म्हणून देवळालीत शेकडो एकरांवर नवे आवार घेतले गेले आणि १९२५ साली तिथे वर्ग भरू लागले. त्याच वर्षी तिकडे नाशिकरोडला सरकारी सिक्युरिटी प्रेस सुरू झाली आणि १९२८ साली नोटांचा छापखाना. म्हणजे एकाच दशकात या पट्ट्याची दोन तोंडे ठरली. नाशिकरोड कामगारांचे झाले आणि कॅम्प हवा खाणाऱ्यांचे.

आता कागदाकडे येतो. कॅम्पात घर घ्यायचे मनात असेल त्याने व्हरांडा बघण्याआधी ‘जीएलआर’ बघावा. महाराष्ट्रात इतरत्र आपण सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा मागतो. कॅन्टोन्मेंटात जमिनीची नोंद असते ती संरक्षण खात्याच्या जनरल लँड रजिस्टरमध्ये. त्यात सर्व्हे नंबर, क्षेत्र, जमिनीचा वर्ग, मालक आणि धारक असे वेगवेगळे रकाने असतात. मालकाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी भारत सरकार असते आणि आपण ज्याला मालक समजून टोकन द्यायला निघालो होतो तो गृहस्थ धारकाच्या रकान्यात सापडतो. वर्गांची भाषा १९३७ च्या कॅन्टोन्मेंट जमीन नियमांतून आलेली आहे. प्रत्यक्ष लष्करी वापराची ती ‘ए’, इतर सरकारी किंवा खासगी ताब्यातली ती ‘बी’ आणि तिचे पोटप्रकार, बोर्डाच्या मालकीची ती ‘सी’. मोठे बंगले पुष्कळदा ‘बी-३’त निघतात आणि तिथेच सगळी मेख आहे.

जुन्या छावण्यांत अधिकाऱ्यांना राहायला घरे हवी होती आणि सरकारला ती स्वतः बांधायची नव्हती. म्हणून खासगी माणसाला सांगितले गेले, जमीन आमची, घर तू बांध. घर तुझे, पण जमीन मागू तेव्हा घराची किंमत घेऊन निघायचे. ही ‘ओल्ड ग्रँट’. इंग्रज गेले, धारक दहा वेळा बदलले, पारशी शेठकडून सिंधी व्यापाऱ्याकडे आणि त्याच्याकडून मुंबईच्या बिल्डरकडे बंगला गेला, पण खालची जमीन हलली नाही. अशा जागेवर जुने घर दुरुस्त करता येते, पाडून चार मजले चढवता येत नाहीत, वाटण्या पाडता येत नाहीत, आणि कर्जासाठी गेले की बँकेचा वकील चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा पुन्हा तोच कागद वाचतो. दुसरा प्रकार भाडेपट्ट्याचा. १९३७ च्या नियमांतला नेहमीचा पट्टा तीस वर्षांचा, दोनदा वाढवून जास्तीत जास्त नव्वद वर्षांचा. पट्ट्यात काय बांधायचे तेही लिहिलेले असते. राहायला घर म्हणून घेतलेल्या जागेत हॉटेल काढले की नोटीस आलीच.

लोक ज्याला कॅम्पाचे सौंदर्य म्हणतात ते इथून आले आहे. दोन एकरांत एकच कौलारू घर उभे आहे, कारण दुसरे बांधायला परवानगी नाही. चिंच आणि वड जुने आहेत, कारण ते तोडून मिळायचे काहीच नव्हते. महापालिकेच्या हद्दीत राज्याची २०२० ची एकात्मिक बांधकाम नियमावली लागू झाली आणि रुंद रस्त्यांवर उंच इमारतींना मोकळे रान मिळाले. विहितगावपर्यंत तिचे परिणाम डोळ्यांना दिसतात. कॅन्टोन्मेंटात राज्याचा हा नियम चालत नाही. हद्दीच्या अलीकडे पंधरा मजले आणि पलीकडे मंगलोरी कौले, हा चमत्कार सौंदर्यदृष्टीने केलेला नाही.

या व्यवस्थेचे गुणगान करणाऱ्यांनी एकदा बंगल्यांचा पट्टा सोडून बाजारात यावे. हौसन रोड, लेव्हिट मार्केट आणि त्यांच्या मागच्या गल्ल्या म्हणजेही कॅम्पच. २०११ च्या जनगणनेत कॅन्टोन्मेंटची लोकसंख्या सुमारे ५४ हजार होती. यात जवान आणि त्यांची कुटुंबे आहेत, पण किराणावाले, शिंपी, रिक्षावाले, बंगल्यांचे माळी, लष्करी मेसमध्ये काम करणारे, शाळांतले शिपाई असे हजारो लोक याच दाट वस्तीत राहतात. आजोबांनी खाली दुकान आणि वर दोन खोल्या बांधल्या. वडिलांच्या भावंडांत त्या वाटल्या गेल्या. आता तिसऱ्या पिढीला मजला चढवायचा आहे तर चटईक्षेत्र संपलेले. खाली दुकान, वर घर आणि त्याच्यावर संरक्षण मंत्रालय. मग एक तर चोरून बांधायचे आणि नोटिशीची वाट बघायची, नाही तर भगूरला किंवा विहितगावला फ्लॅट घेऊन रोज दुकानापुरते कॅम्पात यायचे. बाजारातली तरुण कुटुंबे पुष्कळशी दुसऱ्या वाटेने गेली आहेत. मुंबईच्या माणसाला वर्षातले वीस दिवस जी शांतता मिळते तिचे भाडे ही माणसे वर्षभर भरतात, असा माझा या सगळ्या व्यवस्थेवरचा मुख्य आक्षेप आहे.

तरीही ‘उठवा निर्बंध, येऊ द्या विकास’ असे म्हणायला जीभ धजावत नाही, कारण समोर लोणावळा आहे. तशीच हवापालटाची ओढ, तशीच रेल्वे, तेच मुंबईचे शेठ आणि तसेच जुने बंगले. तिथे मालकी मोकळी होती, एकेक बंगल्याच्या जागी एकेक सोसायटी किंवा रिसॉर्ट आला आणि आता पावसाळ्यातल्या शनिवारी गावातल्याच माणसाला औषध आणायला बाहेर पडणे जिकिरीचे होते. दुसरे टोक माथेरानचे. तिथे गाड्यांना गावात मज्जाव आहे, २००३ पासून केंद्राच्या पर्यावरणीय निर्बंधांचे कवच आहे, गाव वाचले आहे. पण गॅसचे सिलिंडर आणि रोगी दोन्ही कसे वाहायचे हा तिथल्या लोकांचा रोजचा प्रश्न राहिला. कॅम्प या दोघांच्या मधे कुठेतरी आहे. तिथे गाडी दारापर्यंत जाते आणि बिल्डर मात्र दारात अडतो.

राहायचे तर पोटाचे काय? कॅम्पात उद्योग नाही आणि कधी नव्हता. लष्कर, लष्कराला लागणारा माल, शाळा आणि सुट्टीवाले एवढ्यावर गाव चालते. बाकीचे सगळे सकाळी बाहेर जातात. नाशिकरोडच्या दोन्ही प्रेस, तिथले तोफखान्याचे केंद्र, सातपूर-अंबडच्या एमआयडीसी, नाशिकमधली कचेऱ्या-कॉलेजे हे जवळचे. २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक बस कॅम्प-भगूरपर्यंत धावते. त्याआधी एसटीच्या शहर बसची वाट बघण्यात एका पिढीचे तारुण्य गेले आहे.

लांबचे म्हणजे मुंबई. पंचवटी एक्स्प्रेस १९७५ साली सुरू झाली आणि नाशिकच्या माणसाला पहिल्यांदाच मुंबईत नोकरी करून रात्री घरी झोपता येऊ लागले. जाताना साडेतीन-चार तास, येताना तेवढेच. हे आयुष्य बाहेरून वेडेपणाचे वाटते, पण पासवाल्यांच्या डब्यात एकदा बसून पाहावे. जागा ठरलेल्या, गट ठरलेले, कोण कुठल्या स्टेशनाला डबा उघडणार तेही ठरलेले. घोटीपर्यंत पेपर, घाटात डुलकी, कल्याणनंतर फोन. कुणी निवृत्त झाले की डब्यातच हारतुरे होतात. अपडाऊन करणारा माणूस घरी कमी आणि गाडीत जास्त राहतो, तेव्हा त्याचे शेजारीही गाडीतलेच. कॅम्पातल्या शांत घराचे कौतुक सगळ्यात जास्त हाच माणूस करतो, आणि ते घर उजेडात बघायला त्याला रविवारच मिळतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. जमिनीच्या जाहिरातींत भगूर आणि पांढुर्लीची नावे ठळक होऊ लागली ती उगाच नाही. कॅन्टोन्मेंट बांधू देत नाही म्हणून बांधकाम त्याला वळसा घालून पलीकडे उतरते आहे.

भगूरचा उल्लेख आला आहे तर एवढे सांगायला हवे की कॅम्पाच्या पलीकडच्या अंगाला लागून असलेले हे गाव छावणीपेक्षा जुने आहे. विनायक दामोदर सावरकरांचा जन्म २८ मे १८८३ रोजी इथला, आणि त्यांचा वाडा आता सरकारी स्मारक आहे. भगूरची नगरपरिषद वेगळी, नळ वेगळे, घरपट्टी वेगळी. पण बाजाराला, शाळेला, कॅन्टोन्मेंटच्या दवाखान्याला भगूर, नानेगाव, लहवित, शिंगवे बहुला अशी सगळी गावे कॅम्पातच येतात. दवाखान्याच्या ओपीडीत रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आपण कोणाच्या हद्दीत राहतो याचे काही घेणेदेणे नसते. दारणा नदीच्या काठची द्राक्षे, कांदा, भाजीपाला हा या गावांचा जीव. देशातली पहिली किसान रेल्वे ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला सुटली. त्या दिवशी बाहेरच्या लोकांना कळले की या स्टेशनाला शेतीचेही अंग आहे.

लष्कर शेजारी असण्याची वेगळी चव आहे. तोफखान्याची शाळा १९२३ साली काकूल इथे सुरू झाली आणि १९४१ च्या सुमारास देवळालीला आली. फाळणीत काकूल पाकिस्तानात गेले, तेव्हा हे स्थलांतर फार शहाणपणाचे ठरले. तेव्हापासून सराव चालू असला की खिडक्यांची तावदाने थरथरतात. नवे भाडेकरू दचकतात, जुने लोक ‘आज रेंजवर फायरिंग दिसतंय’ म्हणून चहा ओतत राहतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये के-९ वज्र आणि एम-७७७ या नव्या तोफा लष्करात दाखल करण्याचा समारंभ इथेच झाला. मुलांना तोफांची नावे पाठ असतात. पण सरावाची रेंज ज्या जमिनींवर आहे त्या कधीकाळी गावांच्या होत्या, आणि आजूबाजूच्या गावांत संपादन, मोबदला, वहिवाटीचे रस्ते हे विषय निघाले की आवाज चढतात. लष्करी हद्दीपासून किती अंतरात बांधकामाला ना हरकत लागेल याची २०११ पासून आलेली आणि बदलत राहिलेली परिपत्रके हा आणखी एक घोळ. हद्दीबाहेर, महापालिकेत राहणाऱ्यालाही त्याचा फटका बसला.

मोकळ्या लष्करी जमिनीचा फायदा आणखी एकाने घेतला आहे. दारणेकाठचा ऊस, नाल्यांतली झाडी आणि माणूस न फिरणारे शेकडो एकर हे बिबट्याला मानवणारे घर आहे. २०२० च्या पावसाळ्यात दारणा पट्ट्यातल्या गावांत आणि २०२५ मध्ये वडनेर दुमाला भागात लहान मुलांचे जीव गेले. संध्याकाळी लॅम रोडला फिरायला जाणाऱ्यांची ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ ही भाषा तेव्हापासून जरा जपून वापरली जाते.

आता मुख्य घडामोड. कॅन्टोन्मेंट बोर्ड ही चमत्कारिक संस्था आहे. अध्यक्ष लष्करी अधिकारी, कारभार दिल्लीहून नेमलेल्या सीईओंच्या हाती, आणि लोकांनी निवडलेले सदस्य निम्मे. देवळालीत आठ. शेवटची निवडणूक जानेवारी २०१५ मध्ये झाली. मुदत संपली, वाढवली, पुन्हा संपली. देशभरच्या बोर्डांसाठी ३० एप्रिल २०२३ ही तारीख ठरली आणि ऐन वेळी निवडणुकाच रद्द झाल्या. कारण केंद्राने कॅन्टोन्मेंट ही कल्पनाच निकालात काढायचे ठरवले होते. नागरी वस्ती शेजारच्या पालिकेला द्यायची, उरलेले निव्वळ लष्करी ठाणे करायचे. हिमाचलमधल्या योलपासून सुरुवात झाली आणि त्यानंतरच्या पहिल्या यादीत देवळालीचे नाव आले. महाराष्ट्रात अशी सात कॅन्टोन्मेंटे आहेत. बाकीची पुणे, खडकी, देहूरोड, अहमदनगर, औरंगाबाद आणि कामठी.

पैशाच्या दृष्टीने पाहिले तर बोर्डाचे दिवस भरलेच होते. जकात हा कॅन्टोन्मेंटांचा मोठा आधार. २०१७ साली जीएसटी आला आणि हा आधार गेला. राज्याच्या योजना पालिकांना मिळतात, कॅन्टोन्मेंट राज्याच्या चौकटीत बसत नाही म्हणून तिथे अडतात. घरकुलापासून गटारापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी दिल्लीच्या अनुदानाकडे डोळे लावायचे. त्यामुळे बाजारातला माणूस विलीनीकरणाकडे आशेने पाहतो. एक मजला वाढेल, नकाशा मंजूर होईल, मुलाला वेगळी खोली मिळेल. ही अपेक्षा योग्यच आहे, आणि बंगलेवाल्यांच्या हळहळीपेक्षा तिचे वजन जास्त धरले पाहिजे असे मला वाटते.

गोम अशी की २०२४ मध्ये केंद्राने ठरवलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत रस्ते, शाळा, दवाखाने, पाणीयोजना पालिकेला फुकट द्यायच्या आहेत, पण जिथे जमिनीची मालकी केंद्राची आहे तिथे ती केंद्राकडेच राहणार आहे. म्हणजे कर महापालिका घेणार, नकाशा महापालिका मंजूर करणार आणि खालची जमीन मात्र आधी होती त्याच साहेबाची. ओल्ड ग्रँटचे काय, संपलेल्या पट्ट्यांचे काय, हे प्रश्न हद्द बदलून सुटत नाहीत. १९३७ च्या नियमांखाली अगदी सुरुवातीला दिलेल्या पट्ट्यांची नव्वद वर्षे २०२७ पासून भरू लागतात. त्याच वर्षी नाशिकला सिंहस्थाची शाही स्नाने आहेत, आणि महापालिकेला त्या वर्षी कॅम्पातल्या भाडेपट्ट्यांची फाइल उघडायला सवड होईल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पट्टा संपलेल्या घराचा वारस तेव्हा कुठल्या खिडकीवर जाणार, हे विलीनीकरणाच्या आधी लेखी ठरले पाहिजे. जागा मालकी हक्काने करून देण्याचा दर, मुदत आणि कुणाला आधी, एवढे तीन रकाने भरले तरी बाजाराचे निम्मे दुखणे कमी होईल.

उरले बंगले आणि झाडे. बंगल्यांचा बराचसा भाग नागरी हद्दीत येणार की लष्करी ठाण्यात राहणार, यावर त्यांचे भवितव्य आहे. लष्कराकडे राहिले तर फाटक बंद होईल आणि आतले जसेच्या तसे राहील. महापालिकेकडे आले तर आज कागद जे काम करतो ते उद्या महापालिकेला मुद्दाम करावे लागेल. वारसा यादी करणे, लॅम रोडच्या दुतर्फा उंचीची मर्यादा घालणे, जुन्या झाडांचे मोजमाप करणे, बंगला न पाडणाऱ्याला त्याचे चटईक्षेत्र दुसरीकडे वापरू देणे, हे सगळे कायद्यात बसते. मात्र गोदाकाठच्या जुन्या वाड्यांचे नाशिकमध्ये काय झाले ते पाहता फार मोठी आशा बाळगवत नाही. दर पावसाळ्यात एखादा वाडा पडतो आणि त्याच्या जागी पार्किंगसह इमारत उभी राहते.

दुसरा पर्याय म्हणून भगूर आणि कॅम्प मिळून वेगळी नगरपरिषद करावी असेही बोलले जाते. या कल्पनेला हसण्याचे कारण नाही. दोन्ही गावांचा बाजार, दवाखाना, बस आणि पाण्याची नदी एकच आहे. तिला विरोध करणारे विचारतात, तिचा खर्च कोण भागवणार? रास्त प्रश्न आहे. पण मोठ्या महापालिकेत गेल्यावर काय होते याचेही गणित करून पाहावे. २०११ ची नाशिकची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार आणि नगरसेवक १२२, म्हणजे एका नगरसेवकामागे बारा हजारांवर माणसे. कॅम्पाच्या ५४ हजारांना त्या हिशोबाने चार जण मिळतात, फार तर पाच. चार सदस्यांचा एक प्रभाग. शिवाय महापालिकाही मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे प्रशासकाच्या हाती होती, हे विसरून चालणार नाही. कॅम्पाचे आठ सदस्य निदान कॅम्पाबद्दलच भांडायचे. एकशे बावीसांच्या सभागृहात सिडको, सातपूर, पंचवटी यांच्या रस्त्यांची यादी वाचून संपल्यावर लेव्हिट मार्केटच्या गटाराचा विषय कोणत्या महिन्यात निघेल, ते त्या चौघांच्या वजनावर ठरेल.